परक्या कॅमेऱ्यावरची धुकट लेन्स

मी, विभावरी शरदचंद्र टिपणीस, माहेरची राजाध्यक्ष, जन्म मिरजेचा, आता कित्येक वर्षे राहणार ड्रेस्डेन, हे लिहायला बसले आहे. सकाळचा चहा झाला आहे, डोके शांत आहे, हात थरथरत नाही आणि अमुकच लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात आणि मलाही तसेच वाटते. तरी आपल्या वस्तू आपण होऊन ज्याच्या त्याला नेमून दिल्या, म्हणजे भूल चढताना मन मोकळे राहील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे मागे काही नाही.

इथल्या कायद्याला सगळा मजकूर स्वतःच्या हस्ताक्षरात आणि खाली सही एवढेच लागते. भाषा कोणतीही चालते, म्हणून मराठीत लिहीत आहे. न्यायालयाचा अनुवादक जो कोणी असेल त्याला विनंती की मी विषय सोडून बोलले आहे तो भागही गाळू नये. नुसती वाटणी एका पानात झाली असती. बाकीचे माझा मुलगा मल्हार याच्यासाठी आहे. तो बर्लिनला असतो. मी मराठीत विचारते, तो जर्मनमध्ये उत्तर देतो, आणि आमचे दोघांचे त्यात छान चालते. पण त्याला देवनागरी अडखळत वाचता येते. तेव्हा हे त्याला अन्वीने मोठ्याने वाचून दाखवावे. अन्वी कोण ते पुढे येईल.

घर. ड्रेस्डेनच्या श्ट्रीझेन भागातला हा फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा माझे पती शरदचंद्र यांना मिळावा आणि त्यांच्यानंतर सगळा मल्हारला. शरदचंद्रांना एकच सांगणे, की माझ्यामागे बाल्कनीला काच बसवू नये. खालच्या मजल्यावरच्यांनी बसवली म्हणून आपणही बसवावी हा विचार ते गेली काही वर्षे मधूनमधून बोलून दाखवतात. ऑक्टोबरात एल्बे नदीवरून धुके उठते आणि सकाळी आमच्या कठड्यापर्यंत येऊन थांबते. समोरचे चेस्टनटचे झाड त्या वेळी नुसते रंगाचे असते, त्याला फांद्या नसतात. ते पाहायला मधे काच नको.

बचत. बँकेत माझ्या एकटीच्या नावाने जे असेल त्यातले अर्धे मल्हारला आणि अर्धे, ज्या स्वयंसेवी गटासाठी मी फोटो काढत आले, त्या गटाला.

दागिने. पाटल्या आणि तन्मणी मल्हारच्या होणाऱ्या बायकोला. तो लग्न करणार नसेल तर त्याच्याबरोबर जी कोणी राहील तिला. मला चालेल.

कॅमेरा, लेन्स आणि मधले कडे. याला थोडा वेळ लागेल.

कॅमेरा शरदचंद्रांनी घेतलेला आहे. नॉर्वेला जायचे ठरले तेव्हा त्यांनी महिनाभर वाचन करून एका जपानी कंपनीचा, आरसा नसलेला, फुल फ्रेम कॅमेरा आणला. सोबत त्याच कंपनीची भलीमोठी झूम लेन्स. हे चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. ज्या कंपनीचे यंत्र त्याच कंपनीचा सुटा भाग, हा त्यांचा धर्म. नॉर्वेहून आल्यावर कॅमेरा कपाटात गेला, कारण फोटो फार स्पष्ट आले होते. हे कारण माझे. त्यांना ते पटलेले नाही.

लेन्स माझी आहे. ती मी एल्बेच्या काठावर शनिवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात घेतली, एकोणीसशे सत्त्याण्णव साली. ती याच भागातल्या एका कारखान्यात घडली आणि तिच्या कडेवर ज्या देशाचे नाव कोरले आहे तो देश आता नाही. एका आजीबाईंनी ती एका जुन्या फिल्म कॅमेऱ्यासकट मला दिली. मला सातवा महिना चालू होता. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘बाळाचे फोटो खिडकीपाशी काढ. या काचेला खिडकी आवडते.’

ते बाळ आठव्या महिन्यात गेले. पोटातच. मला भूल दिली होती आणि नंतर किती तरी दिवस ताप होता. मी शुद्धीवर आले तेव्हा सगळे उरकलेले होते. शहराच्या स्मशानभूमीत अशा मुलांसाठी एक सामायिक हिरवळ आहे, तिथे पाटी नसते. मी तिला पाहिले नाही. शरदचंद्रांनी पाहिले होते. ते काही बोलले नाहीत आणि मी विचारले नाही. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर सांगितले, ‘आता त्याचा विषय घरात नको.’ त्या प्रेमानेच म्हणाल्या. विषय काढला नाही. फिल्म कॅमेरा तळघरात गेला आणि दोन हजार दोनच्या पुरात चिखल होऊन संपला. लेन्स मात्र मी लोकरीच्या मोज्यात घालून स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांमागे ठेवली होती, म्हणून वाचली. पुढे मल्हार झाला, मोठा झाला. त्याचे फोटो आम्ही दुसऱ्याच कुठल्या कुठल्या कॅमेऱ्यांनी काढले.

मल्हार शाळा संपवत आला त्या सुमारास मी एकदा मसाल्याचे कपाट आवरायला घेतले आणि मोजा हाताला लागला. लेन्स उजेडात धरली. आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा एक पातळ पडदा चढला होता. का कोण जाणे, मी ती शरदचंद्रांच्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरून पाहिली. बसण्याचा प्रश्नच नव्हता, एकीचे आटे निराळे, दुसऱ्याच्या खाचा निराळ्या. शरदचंद्र म्हणाले, ‘अगं, हे म्हणजे एकाच्या वरातीत दुसऱ्याचा नवरदेव.’

पण त्यांनीच मग समजावून सांगितले की तसे अगदी अशक्य नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा असायचा, म्हणून लेन्स फिल्मपासून जरा लांब बसायची. या नव्यात आरसा नाही, पोट चपटे आहे. मधे तेवढ्या जाडीचे एक पोकळ कडे बसवले की लेन्सला तिचे जुने अंतर परत मिळते. कड्यात काच नाही, तार नाही, नुसती हवा. ते त्यांनीच मागवले. मनाविरुद्ध, पण मागवले.

कडे बसवल्यावरही कॅमेरा फोटो घेईना. त्याला लेन्स लावल्याचे कळतच नव्हते. शेवटी सेटिंगमध्ये एक ओळ सापडली, तिचा अर्थ असा की लेन्स नसली तरी फोटो घे. ती चालू केली. तेव्हापासून हा कॅमेरा समोर काहीच नाही असे समजून फोटो घेतो. फोटोच्या माहितीत लेन्सच्या नावाची जागा रिकामी असते. आणि चित्र मात्र येते. पहिले मी बाल्कनीतून धुक्याचे घेतले. कडांना उजेड असा विरघळला होता की झाड कुठे संपते आणि सकाळ कुठे सुरू होते ते सांगता येईना. मी कितीतरी वेळ कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीला डोळा लावून उभी राहिले. दूध उतू गेले.

खालच्या मजल्यावर हाइके राहते. ती सुईण आहे. जिन्यात मी धुक्याचे फोटो लावले होते, त्यांच्यासमोर ती एकदा थबकली आणि मला वर येऊन म्हणाली, ‘विभावरी, तुझे फोटो फार हळू बोलतात. आमच्याकडे अशाच कुणाची तरी गरज असते.’

मग तिने सांगितले. ज्यांचे बाळ जन्मताना किंवा जन्माआधीच जाते त्या आईवडिलांसाठी इथे काही माणसे विनामोबदला फोटो काढतात. एक बाळ, एक वेळ, तेवढेच फोटो, आणि ते त्यांना देऊन टाकायचे. मी म्हणाले, ‘मला जमणार नाही.’ हाइके म्हणाली, ‘हो. कळतंय मला.’ आणि चहा पिऊन गेली. पुढच्या आठवड्यात मीच तिचे दार वाजवले.

हॉस्पिटलमधल्या अशा पहिल्या खोलीत मी गेले. खिडकीपाशी एक मुलगी, मल्हारहून थोडी मोठी, मांडीवर दुपटे घेऊन बसली होती. मी या कॅमेऱ्याचा आवाज पूर्ण बंद करून ठेवला होता. आरसा नाही, त्यामुळे काही आपटत नाही. फोटो निघतो आणि कुणाला कळतही नाही. लेन्स हाताने फिरवावी लागते. बघायच्या खिडकीत जिथे स्पष्ट होते तिथल्या कडेवर लाल रेघ चमकते. मी लेन्स फिरवत गेले आणि ती लाल रेघ दुपट्याच्या काठावरून हनुवटीवर, हनुवटीवरून ओठांवर, ओठांवरून मिटलेल्या पापणीवर आली. तिथे मी थांबले. त्या काचेतल्या सायीने सगळे निळसर डाग, सगळ्या सुया-नळ्यांच्या खुणा उजेडात बुडवून टाकल्या होत्या. बाळ झोपलेले दिसत होते. झोपलेले आहे असे मी कुणाला सांगितले नाही, सांगूही नये. फक्त दिसत होते. त्या मुलीने पडद्यावर पाहिले आणि म्हणाली, ‘हिचं नाक माझ्या बाबांसारखं आहे.’ तोवर तिने ते पाहिले नव्हते.

तेव्हापासून मी जात राहिले.

शरदचंद्र गाडी चालवायचे, कारण बर्फात मला चालवता येत नाही. ते आत कधी आले नाहीत. पार्किंगमध्ये बसून रेडिओ ऐकायचे. परतताना विचारायचे, ‘जेवलीस का?’ मी सांगायचे, ‘नाही.’ मग कुठेतरी सूप प्यायचो. आमचे त्याविषयीचे बोलणे इतकेच.

एका फेब्रुवारीत डोंगराकडच्या एका गावातून फोन आला. दुपारी पोचलो. आई अजून शस्त्रक्रियेच्या खोलीत होती. बाप एकटाच, पंचविशीतला. बाळ पाळण्यात होते आणि तो भिंतीला पाठ लावून उभा होता. मी म्हणाले, ‘तुम्ही घेता का? तसा फोटो पुढे बरा वाटतो.’ तो म्हणाला, ‘मला कसं धरायचं माहीत नाही. इथे कुणी पुरुष आहे का?’

मी खाली गेले आणि गाडीची काच वाजवली. ‘अहो, जरा वर येता का?’

ते वर आले. हात धुतले, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि त्या मुलाशेजारी बसले. मग त्यांनी बाळ उचलले. डोके कोपराच्या खळगीत, दुसरा हात खालून. हळूच त्याच्या हातात दिले आणि आपला हात त्याच्या हाताखाली तसाच राहू दिला. ‘आल्झो,’ हं या अर्थी ते जर्मनमध्ये म्हणाले, ‘असं. घाई नाही.’ तो मुलगा रडू लागला तेव्हा यांनी हात काढला नाही. मी खिडकीतल्या उजेडात दोघांच्या हातांचे फोटो घेतले. लाल रेघ माझ्या नवऱ्याच्या बोटांवरून सरकत गेली आणि मला दिसायचे थांबले, तेव्हा मी अंदाजाने लेन्स फिरवली.

परतताना घाटात त्यांनी गाडी कडेला घेतली. समोर पांढरे शेत आणि पांढरे आकाश, मधली रेघ कुठे दिसत नव्हती.

‘तिला केस होते,’ ते म्हणाले.

‘कुणाला?’

‘आपल्या मुलीला. काळे. ओले होते म्हणून कपाळाला चिकटलेले. कपाळ तुझं. उजव्या भुवईच्या वर छोटा भोवरा होता, माझ्या आईला आहे तसा. बोटं लांब होती. मी एकेक उघडून पाहिली.’

मी विचारले, ‘इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?’

‘तू विचारशील असं वाटायचं.’

‘मला वाटायचं, तुम्ही सांगाल.’

ते म्हणाले, ‘फोटो काढायचं सुचलं नाही गं. तुझा कॅमेरा घरी होता. कुणीतरी आणा म्हणायला हवं होतं.’ मग त्यांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि आम्ही बर्फाकडे पाहत राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर एक चेहरा हळूहळू तयार होत होता. कपाळ, त्यावर ओले केस, भुवईवरचा भोवरा. सगळे स्पष्ट नव्हते, पण माझ्यासाठी पुरेसे होते. याबाबत शरदचंद्रांविरुद्ध माझ्या मनात जे होते ते त्या शेतात राहिले. त्यांच्यावर माझा आता कोणताही दावा नाही.

या तिन्ही वस्तू, म्हणजे कॅमेरा, लेन्स आणि कडे, एकत्रच अन्वी कुलकर्णी हिला द्याव्यात. मल्हार म्हणाला आहे की त्याची हरकत नाही. झूम लेन्स मल्हारने घ्यावी. तिने सगळे स्पष्ट येते.

अन्वी इथल्या तांत्रिक विद्यापीठात पीएचडी करते. तिच्याविषयी सांगताना नीलिमा दातार यांचा हिशेबही मिटवते. नीलिमाताई आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. गणपती, कोजागिरी, सगळ्याचे फोटो पूर्वी मी काढत असे. अन्वीचे डोहाळजेवण ठरले तेव्हा नीलिमाताईंनी मला बाजूला घेतले. ‘विभावरी, राग मानू नकोस. पण तुझा कॅमेरा कुठे कुठे जाऊन येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोर पहिलटकरीण. विषाची परीक्षा कशाला?’

मी कॅमेरा पिशवीत घातला आणि कोट घेतला. चपला घालत होते तेवढ्यात अन्वी हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीसकट, जिन्यापर्यंत आली.

‘काकू, फोटो तुम्हीच काढायचे.’

‘नको गं. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मलाही छातीठोक सांगता येत नाही.’

‘मला भीती वाटते ती वाटतेच,’ ती म्हणाली. ‘तुम्ही घरी गेलात म्हणून ती जाणार आहे का? ज्या लेन्सने तुम्ही त्या सगळ्या मुलांकडे इतक्या मायेने बघितलंत, तिने माझ्या मुलीकडेही बघू दे.’

मी परत आले. मी फोटो काढले. मे महिन्यात अन्वीला मुलगी झाली, धडधाकट, आणि तिचा पहिला फोटो याच लेन्सने खिडकीपाशी काढला. तेव्हापासून अन्वी माझ्याबरोबर येऊ लागली. आता एकटीही जाते.

नीलिमाताईंना मी काहीच देऊ नये असे बरेच दिवस मनात होते. पण त्या डोहाळजेवणाचा एक फोटो आहे. त्या अन्वीची ओटी भरत आहेत, मागे दिव्यांची नुसती वर्तुळे तरंगत आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर एवढी काळजी आहे, एवढा जीव आहे, की तो पाहून राग धरवत नाही. त्या घाबरल्या होत्या. त्यांचे स्वतःचे काही असेल, मी कधी विचारले नाही. तो फोटो चौकटीत बसवून ठेवला आहे. तो त्यांना द्यावा.

अन्वीला सूचना. आतली साय कुणाकडूनही काढून घेऊ नकोस. दुकानदार म्हणेल, स्वच्छ करून देतो. नको म्हण. बिनआवाजाने फोटो घेताना छतावरच्या ट्यूब बंद करायला सांग, नाहीतर चित्रात पट्टे येतात. खिडकीचा उजेड घे. खोलीत शिरताना आधी बाळाचे नाव विचार आणि मग त्याच नावाने बोल. आईवडील नाही म्हणाले तर कॅमेरा काढू नकोस, पण लगेच निघूही नकोस. थोडा वेळ बस.

माझ्या देहाविषयी. दहन करावे. रक्षा त्या सामायिक हिरवळीच्या जितकी जवळ ठेवायला परवानगी मिळेल तितकी जवळ ठेवावी. पाण्यात सोडू नये.

वारसांची नोंद. अपत्यांची नावे लिहिण्याची जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली. लिहून झाल्यावर हा सगळा मजकूर मी शरदचंद्रांना बाल्कनीत वाचून दाखवला. इथे मी लिहिले होते, ‘एक मुलगी, जन्मतः मृत, नाव नाही. एक मुलगा, मल्हार.’ ते वाचल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

‘ते खोड,’ ते म्हणाले.

‘का? तीसुद्धा आपलीच ना?’

‘ती राहू दे. नाव नाही, ते खोड. आहे तिला नाव. तिथे आत्या नव्हती, कुणीच नव्हतं. नर्स दार लोटून बाहेर गेली. मग मीच तिच्या कानात सांगितलं.’

‘काय सांगितलंत?’

‘तुला हवं होतं तेच.’

त्या दिवसांत आमचे नावावरून रोज भांडण होत असे. मी एका नावावर अडून बसले होते आणि लोक मुलीला पुस्तक समजतील म्हणून ते हसत होते.

वरील मजकूर खोडला आहे आणि त्या खोडण्यावर माझी सही आहे. दुरुस्त नोंद पुढीलप्रमाणे वाचावी.

माझी अपत्ये: कादंबरी शरदचंद्र टिपणीस. मल्हार शरदचंद्र टिपणीस.

सगळे मी लिहिले, मी वाचले, मला मान्य आहे.

विभावरी शरदचंद्र टिपणीस (सही)

इथे साक्षीदार लागत नाहीत, पण आमच्याकडे लागतात, म्हणून या दोघींनी मला सही करताना पाहिले:

हाइके लिंडनर, सुईण, खालचा मजला (सही, मराठी वाचता येत नाही, मला ओळखते)

मुक्ता राजाध्यक्ष, माझी भाची, म्युनिक (सही)

ड्रेस्डेन, रविवार, २७ एप्रिल २०२५